दगडी फरशी स्वतः बसवायची असेल तर आधी खालची जमीन बघा

बाथरूममध्ये सिरॅमिकच्या टाइल मी स्वतः बसवल्या होत्या आणि त्या नीट बसल्या होत्या. त्या जोरावर पॅसेजसाठी पांढऱ्या मार्बलच्या लाद्या आणल्या. काम संपलं त्या दिवशी पॅसेज झकास दिसत होता. आठवड्याभराने एका सकाळी दारातून लख्ख उजेड आत आला आणि प्रत्येक लादीच्या पोटात पाच करडे डाग दिसले. चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक, फाशावरच्या पाचासारखे. मी लादी चिकटवायच्या मालाचे पाच गोळे ठेवून त्यावर लादी दाबली होती आणि माल होता करडा. पांढरा मार्बल थोडा का होईना पारदर्शक असतो, खालचं वर दिसतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. नाण्याने टिचकी मारली तर गोळ्यांच्या मधली जागा मडक्यासारखी वाजायची. पॅसेज उखडला. पुन्हा केला.

त्यानंतर आणखी काही खोल्या केल्या. हा लेख पहिल्यांदा दगडाला हात घालणाऱ्यासाठी आहे. सिरॅमिकची टाइल साच्यातून निघते, तिची जाडी, रंग, कोपरे ठरलेले असतात. दगड खाणीतून निघतो. एकाच खोक्यातल्या दोन लाद्या एकमेकींशी जुळतीलच असं नाही आणि खालच्या जमिनीतली चूक दगड झाकत नाही, उलट दाखवतो. म्हणून पहिली लादी टेकवण्याआधीचं काम नंतरच्या कामापेक्षा जास्त असतं.

आपल्या हातात नेमका कोणता दगड आहे

दुकानात ‘मार्बल’ या एका शब्दाखाली बरंच काही विकलं जातं. बसवण्याच्या दृष्टीने तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: दगडाला आम्ल चालतं का, तो पाणी किती पितो आणि पाण्याने तो वाकतो का.

पहिल्या दोन घरीच कळतात. एक तुकडा घ्या, पाठीमागे लिंबाचे किंवा व्हिनेगरचे दोन थेंब टाका आणि पाच मिनिटं थांबा. बुडबुडे आले किंवा पुसल्यावर तिथली जागा निस्तेज झाली, तर दगड चुन्याच्या जातीचा आहे: मार्बल, चुनखडी, ट्रॅव्हर्टाइन. अशा दगडाला आयुष्यभर आम्लापासून जपायचं आहे आणि त्यात बाजारातले बरेचसे टाइल क्लीनरही आले. ग्रॅनाइटला असं काही होत नाही. मग दुसऱ्या, कोरड्या तुकड्यावर वरच्या बाजूने साध्या पाण्याचे थेंब ठेवा. दहा मिनिटांत खालचा दगड गडद झाला तर तो पाणी पिणारा आहे, त्याला ग्राउट (सांध्यांत भरायचा माल) भरण्याआधीच सीलर (डाग लवकर मुरू नयेत म्हणून दगडात मुरवायचं द्रव) लागेल. थेंब तसाच मोत्यासारखा बसून राहिला तर काळजी कमी.

तिसरी गोष्ट फसवी आहे. हिरवा मार्बल म्हणून जो विकला जातो, त्यातला बराचसा खऱ्या अर्थाने मार्बल नसतो, सर्पेंटाइन असतो. पाण्यात कालवलेल्या मालावर तो ठेवला की खालची बाजू ओली होऊन फुगते, वरची कोरडी राहते आणि लादी वाळलेल्या पानासारखी कडांना वळते. एकदा वळून तशीच चिकटली की सरळ होत नाही. हिरव्या दगडासाठी, आणि काही गडद दगडांसाठीही, पाणी नसलेलं एपॉक्सी ॲडहेसिव्ह घ्यावं लागतं. ते महाग असतं, पटकन धरतं आणि हाताला लागलं तर निघता निघत नाही. पहिलंच काम असेल तर हिरव्या दगडाच्या वाटेला जाऊ नका, असं मी स्पष्टच सांगेन.

लादीची पाठही उलटून बघा. तिथे जाळी चिकटवलेली असेल किंवा प्लास्टिकसारखा चकचकीत थर असेल तर दगड मुळात नाजूक आहे आणि त्याला आधार दिलेला आहे. सिमेंटचं साधं ॲडहेसिव्ह त्या थराला नीट धरत नाही. इथेही एपॉक्सीच लागतं, किंवा ॲडहेसिव्ह बनवणाऱ्याने अशा पाठीसाठी चालेल असं गोणीवर लिहिलेलं असेल तेच.

एक जुनी सवय मोडायला हवी. टाइल बसवण्याआधी बादलीत भिजवून ठेवायची पद्धत अनेकांच्या हातात असते. पांढऱ्या मार्बलमध्ये लोहाचे बारीक कण असू शकतात. पाणी मुरलं की ते गंजतात आणि दगडाच्या आत पिवळसर तपकिरी डाग उठतात. ते वरून घासून जात नाहीत. दगडाची पाठ ओल्या फडक्याने पुसा, धूळ काढा, बस.

खरेदी, वजन आणि साठवण

खोलीच्या मापापेक्षा १० टक्के जास्त घ्या, तिरपी मांडणी असेल तर १५. शिरांचा दगड असेल तर आणखी थोडा, कारण काही लाद्या नजरेला खटकतात म्हणून बाजूला काढाव्या लागतात. सगळा माल एकाच लॉटचा हवा. कमी पडला म्हणून महिन्याभराने गेलात तर तो रंग मिळणार नाही, त्या नावाचा दगड मिळेल.

दुकानातच दहा लाद्या कुठूनही उचला आणि प्रत्येकीची जाडी मोजा. सगळ्या मिलिमीटरभराच्या आत असतील तर माल मापात कापलेला आहे, तो पातळ ॲडहेसिव्हवर बसेल. दोन-तीन मिलिमीटरचा फरक निघाला तर पुढे माल जाड घालावा लागेल, त्याबद्दल खाली येतंच.

वजनाचा अंदाज आधी घ्या. मार्बल काय, ग्रॅनाइट काय, घनमीटरला साधारण २७०० किलो. म्हणजे २० मिमी जाडीच्या दगडाचं एका चौरस मीटरला ५४ किलो आणि ६०० बाय ६०० ची एक लादी साडेएकोणीस किलोच्या आसपास. अशा चाळीस लाद्या दिवसभर वाकून उचलणं ही कंबरेची परीक्षा आहे. १० मिमीचा दगड निम्म्या वजनाचा, नवख्याला तो सोसतो.

लाद्या आडव्या रचून ठेवू नका. खालच्या तडकतात. लाकडाच्या दोन पट्ट्यांवर, भिंतीला किंचित रेलून, उभ्या ठेवा, चकचकीत बाजू चकचकीत बाजूला लावून.

खालची जमीन: सगळा खेळ इथे आहे

‘लेव्हल’ आणि ‘सपाट’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खोली एका बाजूला एक सेंटिमीटर उतरती असेल तरी दगडाला काही होत नाही, जोवर ती उतरण सरळ आहे. दगडाला नको असतात ते उंचवटे आणि खळगे. तीन मीटरची ॲल्युमिनियमची सरळ पट्टी घ्या आणि खोलीभर फिरवा: लांबीत, रुंदीत, तिरपी. पट्टीखाली कुठेही ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसता कामा नये. लहान सिरॅमिक टाइलला ६ मिमीपर्यंत चालून जातं, मोठ्या दगडाला नाही. फट दिसेल तिथे खडूने गोल करा, आत आकडा लिहा. माझ्या पॅसेजमध्ये दुसऱ्या वेळी असे अकरा गोल झाले होते आणि पहिल्या वेळी जिथे कडा वर-खाली झाल्या होत्या त्या सगळ्या जागा या गोलांवरच येत होत्या.

उंचवटे घासून काढा, खळगे भरा. सगळ्या खोलीलाच लाटा असतील तर आपोआप पसरणारं लेव्हलिंग कंपाउंड ओता, पण त्याआधी त्याचं प्रायमर लावा. प्रायमर टाळलं की ते पापुद्र्यासारखं सुटतं आणि जाताना तुमची फरशी घेऊन जातं.

जुन्या जमिनीवर रंग, मेण, तेल, जुन्या डिंकाचा थर काहीही असेल तर माल धरणार नाही. इथेही पाण्याचे थेंब टाकून बघा. काँक्रीटने ते प्यायलं पाहिजे. थेंब तरंगत राहिले तर घासून खरा पृष्ठभाग उघडा करा.

नवा काँक्रीटचा थर असेल तर किमान २८ दिवस थांबा, आणि २८ दिवस झाले म्हणजे तो कोरडा झाला असंही नाही. सुमारे ४५ सेंटिमीटर चौरस पारदर्शक प्लास्टिक जमिनीवर ठेवा, चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद करा, एक रात्र जाऊ द्या, निदान १६ तास. सकाळी प्लास्टिकच्या आत दव दिसलं किंवा खालचं काँक्रीट काळपट झालं तर ओल आहे. ओलीवर बसवलेला हलका दगड महिनोन्‌महिने डागाळलेला दिसतो आणि सांध्यांतून पांढरी भुकटी फुटत राहते.

भेगांकडे दोन नजरांनी बघायचं. केसासारखी बारीक, दोन्ही बाजू एकाच पातळीत असलेली भेग असेल तर तिच्यावर भेग अडवणारी मेम्ब्रेन चिकटवून पुढे जाता येतं. भेगेची एक बाजू दुसऱ्यापेक्षा वर आली असेल तर खालचं बांधकाम सरकतं आहे. तिथे फरशीचा विषय थांबवा आणि आधी बांधकामाच्या जाणकाराला दाखवा. मेम्ब्रेनने ते झाकलं जात नाही.

लाकडी तुळयांवरची जमीन असेल तर आणखी एक हिशोब. चालताना अशी जमीन किंचित लवते. सिरॅमिकला हे लवणं चालतं ते गाळ्याच्या, म्हणजे तुळईच्या दोन आधारांमधल्या, लांबीच्या ३६० व्या भागापर्यंत, दगडाला मात्र ७२० व्या भागापर्यंतच. म्हणजे तुळईचा गाळा ३६०० मिमी असेल तर सिरॅमिकला १० मिमी, दगडाला फक्त ५. वर दगडाचं स्वतःचं वजन आहेच. हा हिशोब अंदाजाने करू नका, कोणाकडून तरी करून घ्या. ‘सिरॅमिक तर व्यवस्थित राहिलं होतं’ हा इथे पुरावा होत नाही.

आणि उंची. दगड २० मिमी, खाली ॲडहेसिव्ह ६ मिमी, झाले २६. जाड माल घातला तर ७० पर्यंत जातं. दार उघडेल का, शेजारच्या खोलीशी पायरी किती होईल, बाथरूमच्या उंबऱ्याचं काय, हे सगळं आत्ता मोजा. मी दार कापायचं शेवटी आठवलं आणि ते दार आतल्या बाजूने बंद होतं.

जाड माल की पातळ ॲडहेसिव्ह

जुनी पद्धत जाड मालाची: वाळू-सिमेंटचा २५ ते ५० मिमीचा बेड, माल इतपतच ओला की मूठ वळली तर गोळा टिकावा पण तळहाताला पाणी लागू नये, त्यावर सिमेंटची रबडी आणि मग लादी ठोकून बसवायची. जाडीत फरक असलेल्या दगडासाठी ही पद्धत अजूनही उत्तम आहे, कारण प्रत्येक लादीखाली माल कमी-जास्त करता येतो. पण तो अंदाज हातात यायला वर्षं जातात. एका ठोक्यात लादी किती बसेल हे मिस्त्रीच्या कोपराला कळतं, पुस्तकाला नाही.

नवख्याने मापात कापलेला दगड घ्यावा, जमीन सपाट करावी आणि खाचांच्या थापीने पातळ ॲडहेसिव्ह लावावं. पुढचं सगळं त्याच पद्धतीचं आहे.

आखणी आणि कोरडी मांडणी

कुठलीही खोली गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, नसते. भिंतीला समांतर सुरुवात केलीत तर समोरच्या भिंतीपाशी लाद्यांची ओळ पाचरीसारखी निमुळती होत जाईल. म्हणून खोलीच्या मधोमध दोन रेषा आखा आणि काटकोन तपासा: एका रेषेवर १.५ मीटर, दुसरीवर २ मीटर, त्या दोन टोकांमधलं अंतर बरोबर २.५ मीटर यायला हवं. खोली मोठी असेल तर हीच मापं दुप्पट घ्या, चूक लवकर दिसते.

मग आकडे मांडा. समजा खोली ३२०० मिमी, लादी ६०० ची, सांधा २ मिमी, दोन्ही भिंतींपाशी ६ मिमी मोकळी जागा. एका भिंतीपासून अख्ख्या लाद्या लावत गेलात तर पाच बसतात आणि शेवटी १७८ मिमीची पट्टी उरते. तीच मांडणी मधून धरली तर चार अख्ख्या आणि दोन्ही कडांना ३८९ मिमीचे सारखे तुकडे. दगडाची अरुंद पट्टी कापताना मोडतेही जास्त आणि दिसतेही वाईट. शेवटचा तुकडा निम्म्या लादीपेक्षा लहान येणार असेल तर रेषा सरकवा.

आता सगळी खोकी उघडा. सगळी. पहिल्या खोक्यातल्या लाद्या संपल्या की दुसरं उघडायचं असं केलंत तर खोलीचा अर्धा भाग फिकट आणि अर्धा गडद होईल. लाद्या कोरड्याच मांडा, फिरवून बघा, शिरा कुठे अंगावर येतात ते बघा. मग खोलीच्या दारात जाऊन उभे राहा आणि डोळे बारीक करा. जी लादी एकटी वेगळी उठून दिसते ती उचला, कपाटाखाली किंवा कापायच्या तुकड्यांसाठी ठेवा. या खेळात माझी एक अख्खी संध्याकाळ जाते आणि मला तोच भाग सगळ्यात आवडतो. ठरलं की प्रत्येक लादीच्या पाठीवर पेन्सिलीने क्रमांक आणि वरच्या दिशेचा बाण काढा. मार्कर नको. हलक्या मार्बलमधून त्याची शाई वर येते.

सांधा किती ठेवायचा? मापात कापलेल्या, सरळ कडांच्या दगडाला २ ते ३ मिमी. सांधा अजिबात न ठेवता लादीला लादी भिडवायची हौस अनेकांना असते. कडा एकमेकींवर दाबल्या जाऊन टवके उडतात. स्लेटसारख्या खडबडीत दगडाला ६ मिमी आणि वर.

कापणी

पाण्याचा कटर भाड्याने मिळाला तर घ्या. पातं हिऱ्याचं, सलग कडेचं. तुटक कडेचं पातं मार्बलच्या काठाला कुरतडतं. चकचकीत बाजू वर ठेवा, दगडाला ढकलू नका, पात्याला त्याच्या वेगाने खाऊ द्या. शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरला दगड स्वतःच्या वजनाने मोडतो आणि कोपरा घेऊन जातो. तिथे पोचण्याआधी थांबा, लादी फिरवा आणि दुसऱ्या टोकाकडून येऊन कट मिळवा. ‘एल’ आकाराचा कट असेल तर आतल्या कोपऱ्यात आधी लहान भोक पाडा आणि दोन्ही कट त्या भोकात आणून सोडा. कोपरा टोकदार ठेवला की तिथूनच तडा सुरू होतो.

कापलेली कड धारदार आणि नवी दिसते, शेजारच्या कारखान्यातल्या कडेला मात्र किंचित मोडलेली धार असते. हिऱ्याच्या हातघासणीने दोन-चार हात मारले की दोन्ही सारख्या दिसतात.

ग्राइंडरने कोरडं कापणं टाळाच. ग्रॅनाइट, वाळूखडक, स्लेट यांच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात जाऊन बसते आणि तिच्यापासून होणाऱ्या सिलिकोसिसला बरं करणारं औषध नाही. पाणी मारत कापा, उघड्यावर कापा, ‘एन ९५’ किंवा त्याहून वरचा मास्क लावा. दाढी असेल तर मास्क नीट बसत नाही हे लक्षात ठेवा. कटरला पाणी आणि वीज दोन्ही आहेत, म्हणून गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर नसलेल्या प्लगवर तो लावू नका. तुकडे धुऊन, वाळवून मगच बसवा.

बसवणी

हलक्या दगडाला पांढरंच ॲडहेसिव्ह. माझ्या पॅसेजची आठवण ठेवा.

बादलीत आधी मोजून पाणी, मग पावडर, मिक्सर हळू फिरवा. गोणीवर लिहिलंय तितका वेळ, बहुधा पाच-दहा मिनिटं, माल तसाच ठेवा आणि पुन्हा ढवळा. तासाभराने घट्ट वाटला म्हणून वरून पाणी घालायचं नाही. तो माल टाकून द्यायचा.

एका वेळी चौरस मीटरभरापेक्षा जास्त जागा भरू नका. थापीच्या सपाट बाजूने पातळ थर जमिनीत दाबून घासा, मग १२ मिमी खाचांच्या बाजूने माल ओढा. ओळी एकाच दिशेने, सरळ. अर्धवर्तुळं काढलेली सुंदर दिसतात पण त्यांत हवा अडकते. लादीच्या पाठीलाही पातळ थर फासा. मग लादी ठेवा आणि ओळींना आडवी, पुढे-मागे थोडी सरकवत दाबा, म्हणजे ओळी मोडून एकमेकींत मिसळतात आणि हवा ओळींच्या वाटेने बाहेर जाते.

पहिली लादी बसवली की लगेच उचला. हो, उचला. जीव कासावीस होतो, पण दुसरा मार्ग नाही. पाठीवर ९५ टक्के भागाला माल लागलेला दिसला पाहिजे आणि चारही कोपरे भरलेले असले पाहिजेत. कुठे थापीच्या ओळी तशाच्या तशा दिसत असतील तर माल कमी आहे किंवा दाब कमी. खाच मोठी घ्या, पुन्हा करा. पुढेही दर आठ-दहा लाद्यांमागे एक उचलून बघा. मालावर बोट ठेवून बघायची सवय लावा. बोटाला लागत नसेल तर वर साय धरली आहे, खरवडा आणि नवा लावा.

जाडीत थोडा फरक असलाच तर सगळ्यात जाड लादी आधी बसवा. बाकीच्या लाद्या माल वाढवून तिच्या पातळीला आणता येतात. जाड लादी नंतर हातात आली तर तिला खाली न्यायला जागाच नसते.

शेजारच्या दोन लाद्यांवरून नखाची कड फिरवा. नख अडकलं तर फरक आहे. मिलिमीटरभराच्या आत असेल तर सोडून द्या, नाही तर आत्ताच उचला, उद्या उचलता येणार नाही. लेव्हलिंगच्या क्लिपा मिळतात त्या वापरा, पण क्लिप कडा ओढून धरते, खळगा भरत नाही. जिथे क्लिप कचकचून आवळावी लागते तिथे खाली काहीतरी चुकलेलं असतं. ठोकायला पांढरा रबरी हातोडा. काळ्या रबराच्या खुणा पांढऱ्या दगडावर राहतात.

सांध्यांतून वर आलेला माल ओला असतानाच काढा, सांधा निदान दोन तृतीयांश खोल मोकळा राहिला पाहिजे. भिंतीपाशी चारही बाजूंनी ६ मिमीची मोकळी फट सोडा आणि तिच्यात माल पडू देऊ नका. दगड तापतो, पसरतो, आणि त्याला जायला जागा नसेल तर मधूनच उचलला जातो. वर स्कर्टिंग येणारच आहे, फट दिसत नाही. खोली मोठी असेल तर दर ६ ते ७.५ मीटरवर एक लवचीक सांधा द्या. थेट ऊन येणाऱ्या जागी त्याहून खूपच जवळ, अडीच ते पावणेचार मीटरवर. हे सांधे सिलिकॉनने भरायचे आणि ते सिलिकॉन ‘न्यूट्रल’ असलं पाहिजे. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन म्हणजे खरोखरच ॲसिटिक आम्ल सोडणारं सिलिकॉन, मार्बलच्या कडा ते खातं.

चोवीस तास खोलीत पाऊल नाही. दुसऱ्या दिवशी, ग्राउट भरण्याआधी, नाण्याने प्रत्येक लादीवर टिचक्या मारा: मध्ये आणि चारही कोपऱ्यांत. भरीव आवाज टक् असा तोकडा येतो, पोकळ आवाज रेंगाळतो. पोकळ कोपरा आत्ता सापडला तर एक लादी उचलायची आहे.

बाथरूमसाठी थोडं वेगळं

ढाळ मीटरला साधारण २० मिमी, मोरीच्या दिशेने. मोठी लादी दोन दिशांना वळत नाही, म्हणून मोरीभोवती ती तिरपी कापावी लागते किंवा तिथे लहान तुकड्यांचा दगड घ्यावा लागतो. वॉटरप्रूफिंग दगडाच्या खाली, दगड काही पाणी अडवत नाही. ते झाल्यावर मोरी बंद करून चोवीस तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या छताला ओल येते का बघा. चकचकीत पॉलिशचा दगड ओल्या पायाला घसरतो, तिथे मॅट घासलेला किंवा खडबडीत केलेला घ्या.

ग्राउट आणि सीलर

पाणी पिणाऱ्या दगडाला ग्राउटआधी सीलरचा एक हात द्या, नाही तर ग्राउटचा रंग कडांतून आत शिरतो आणि प्रत्येक लादीला चौकट काढल्यासारखं दिसतं. पांढऱ्या दगडात काळं ग्राउट भरायची इच्छा असेल तर आधी दोन तुकडे फळीवर चिकटवून त्यावर करून बघा.

३ मिमीपेक्षा अरुंद सांध्याला वाळू नसलेलं ग्राउट. चकचकीत मार्बलवर वाळूचं ग्राउट घासलं की ओरखडे पडतात, ते तिरप्या उजेडात कायम दिसत राहतात. रबरी थापी सांध्यांना तिरपी चालवा, स्पंज पिळून घट्ट कोरडा करा, पाणी सारखं बदला. दुसऱ्या दिवशी राहिलेली पांढरी झाक कोरड्या मऊ फडक्याने जाते. ‘सिमेंट काढणारं’ म्हणून विकलं जाणारं द्रव बहुतेक वेळा आम्ल असतं. चुन्याच्या जातीच्या दगडावर त्याचा एक थेंबही नको.

नव्या फरशीच्या कडा काही दिवस, कधी काही आठवडे, मधल्या भागापेक्षा गडद दिसतात. मालातलं पाणी सांध्यांवाटे बाहेर पडत असतं. या काळात घाईने शेवटचं सीलिंग केलंत तर ओल आत कोंडते. रंग एकसारखा होईपर्यंत थांबा. पांढरी भुकटी दिसली तर आधी कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलंत तर ती विरघळून परत आत जाते आणि वाळताना पुन्हा वर येते. सीलर दगडात मुरतो, वर थर धरत नाही, त्यामुळे तो डाग मुरायला वेळ लावतो एवढंच. लिंबाचा रस मार्बलवर सांडला तर सीलर असूनही तिथली चमक जाईल.

घरातलं बाकी काम चालू असेल तर फरशीवर प्लास्टिक अंथरू नका, ओल कोंडून डाग पडतात. हवा जाणारा जाड कागद अंथरा. पुठ्ठ्याच्या खोक्यांचे तुकडेही नकोत, भिजले की त्यांचा तपकिरी रंग दगडात उतरतो. जड कपाट आठवड्याभराने आणा, आणि सरकवून नव्हे, उचलून.

उरलेल्या अख्ख्या लाद्या टाकू नका. माझ्या पॅसेजच्या तीन लाद्या माळ्यावर उभ्या होत्या. आता दोन आहेत. एक गेल्या वर्षी दाराजवळ लावली, हातोडी पडून कोपरा उडाला होता तिथे. जुनी लादी काढताना तिच्या पाठीवर ॲडहेसिव्ह इतकं घट्ट धरलेलं होतं की ती एकदाही अख्ख्या तुकड्यात सुटली नाही, छिन्नीने चुरा करूनच काढावी लागली.